९५ टक्के आणि लिफ्टची भिंत

पीएचडीच्या निरीक्षणांसाठी मी ज्या साइटवर जात होते, तिथला साप्ताहिक बैठकीचा आकडा कुणालाही हेवा वाटावा असा होता. आठवड्याला कबूल केलेल्या कामांपैकी किती पुरी झाली, त्याची टक्केवारी म्हणजे पीपीसी. ती सतत ९० च्या वर असायची. इमारत मात्र वेळापत्रकाच्या मागे, आणि दर महिन्याला आणखी थोडी मागे.

पद्धत थोडक्यात सांगते. नियोजन म्हटलं की आपल्याकडे क्रिटिकल पाथ आठवतो, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांचं जाळं (नेटवर्क) मांडून तारखा काढायची पद्धत. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी तो विकसित करायला घेतला. कुठलं काम कधी व्हायला हवं ते त्यातून कळतं. ते होऊ शकतं का, हे मात्र साइटवर उभा असलेला माणूसच सांगू शकतो. १९९० च्या दशकात ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी ‘लास्ट प्लॅनर’ पद्धत आणली ती याच फटीत. शेवटचा नियोजक म्हणजे गँगला काम नेमून देणारा मुकादम किंवा फोरमन. पुढच्या आठवड्याचा शब्द त्याने द्यायचा. हिशेब कडक असतो. २० कामं कबूल केली आणि १९ झाली तर ९५ टक्के. विसावं काम बरंचसं उरकलेलं असलं तरी त्याला शून्यच. याच्या जोडीला पुढच्या सहा आठवड्यांची यादी असते. त्या प्रत्येक कामाचं ड्रॉइंग, माल, माणसं, जागा यांतलं काय अडलंय ते आधीच शोधून मोकळं करायचं. ही यादी कंटाळवाणी असते आणि खरा जीव तिच्यातच असतो.

त्या दिवशी बैठकीत शटरिंगवाल्यांचा, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्यांचे साचे बांधणाऱ्यांचा, आकडा ९५ निघाला. प्रोजेक्ट मॅनेजर ठेकेदारवार आकडे मोठ्याने वाचायचे, आणि सगळ्यात खाली असलेल्याला सगळ्यांदेखत खुलासा करावा लागायचा. शटरिंगच्या मुकादमांवर ती पाळी कधी आली नव्हती. बैठक संपल्यावर प्लॅनिंग इंजिनिअरला घेऊन मी त्यांच्या पुऱ्या झालेल्या कामांसमोर नेटवर्कमधला फ्लोट लिहीत गेले. फ्लोट म्हणजे काम किती दिवस लांबलं तरी शेवटची तारीख हलत नाही, ती मोकळीक. रॅम्पचा कठडा, महिन्याहून जास्त. टाकीच्या बाजूची भिंत, तशीच. गच्चीवरचे पाये, विचारूच नका. शून्य फ्लोट होता तो लिफ्टच्या भिंतीला. तिचं नाव जुन्या साप्ताहिक याद्यांतही कुठे सापडेना. सहा आठवड्यांच्या यादीत मात्र ती होती, आणि शेरा ठरलेला: ‘इन्सर्ट प्लेटचं ड्रॉइंग, पुढच्या आठवड्यात’. इन्सर्ट प्लेट म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी भिंतीत बसवायची लोखंडी प्लेट, पुढे लिफ्टचे ब्रॅकेट तिलाच जोडायचे. दर वेळी तारीख तेवढी सरकलेली.

मी मुकादमांना जाऊन विचारलं. ते हसलेसुद्धा नाहीत.

“मॅडम, लिफ्टची भिंत बोललो की माझ्या नावापुढं लाल फुली. प्लेटा कुठायत? ड्रॉइंग कुठाय? कठड्याला काही लागत नाही, फळ्या माझ्या, माणसं माझी. तुम्हीच म्हणता ना, होईल तेवढंच बोला?”

यात त्यांची लबाडी काढणं सोपं आहे, पण मला ती दिसत नाही. जे होण्यासारखं आहे त्याचाच शब्द द्या, हा पद्धतीचाच नियम आहे आणि तो त्यांनी काटेकोर पाळला होता. गडबड वरच्या मजल्यावर होती. पीपीसी मोजते दिलेल्या शब्दाचा भरवसा. कामाचं महत्त्व तिला कळत नाही. तिचीच गुणपत्रिका करून चारचौघांत वाचली, तर प्रत्येक शहाणा माणूस सोपा पेपर निवडणार.

मग प्लेटांचा माग काढला. लिफ्ट ज्यांच्या आधाराने वर-खाली सरकते त्या गाइड रेलचे ब्रॅकेट कुठे येणार हे लिफ्ट कंपनी सांगणार, त्यावरून सल्लागार ड्रॉइंग काढणार. ऑर्डर पक्की झाल्याशिवाय लिफ्ट कंपनी माहिती देणार नव्हती. ऑर्डर सहीसाठी खरेदी विभागात पडून होती. साइटवरच्या कुणालाच हे अथपासून इतिपर्यंत माहीत नव्हतं. प्रत्येकाला आपल्या आधीची कडी तेवढी ठाऊक.

संध्याकाळी मॅनेजरांसमोर दोन कागद ठेवले, आकड्यांचा आणि फ्लोटचा. ते बराच वेळ चिडून होते. माझ्यावर की कागदांवर, कळायला मार्ग नव्हता. मग त्यांनी सल्लागाराला फोन लावला. प्लेटा आधी न बसवता भिंत ओतायची आणि ब्रॅकेट नंतर ड्रिल करून अँकर बोल्टने बसवायचे, असं चालेल का? सल्लागार म्हणाले, चालेल, फक्त भोकं सळईवर येऊ नयेत याची आधी आखणी करा आणि बोल्टवरचा भार मला तपासू द्या. इतके आठवडे अडलेला प्रश्न अर्ध्या तासात सुटला, कारण तो पहिल्यांदाच ज्याच्या हातात उत्तर होतं त्याच्यापर्यंत पोचला होता.

पुढच्या बैठकीपासून ठेकेदारवार वाचन बंद झालं. त्याऐवजी यादीतली शून्य फ्लोटची कामं आधी घ्यायची आणि कुणाचं काय अडलंय ते विचारायचं. मी आणखी एक मोजमाप सुरू केलं. काही आठवड्यांपूर्वी पुढच्या यादीत असलेल्या कामांपैकी किती प्रत्यक्ष साप्ताहिक यादीत उतरली? हा आकडा लाज वाटावी इतका कमी निघाला, आणि संशोधनाच्या दृष्टीने तोच माझ्या सगळ्यात कामाचा ठरला.

लिफ्टची भिंत मुकादमांनी यादीत घेतली, आणि त्या आठवड्यात ती पुरी झाली नाही. क्रेन दुसरीकडे अडकली होती. लाल फुली पडली. मुख्य कार्यालयातून लगेच फोन आला, पीपीसी ७० च्या घरात कशी आली म्हणून. मॅनेजरांनी आधी क्रेनचा विषय काढला.