लातूर ते युम्बे: वर्षभरासाठी घर सोडताना काय केलं आणि काय राहून गेलं

युगांडात पाण्याच्या कामावर व्हॉलंटियर म्हणून येऊन मला तीन महिने झाले, आणि "तयारी काय काय करावी लागते" असं विचारणारे मेसेज इतके यायलेत की म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू. मी लातूरची, सिव्हिल इंजिनिअर, आठ वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली. आता आहे ती वायव्य युगांडात, युम्बे जिल्ह्यातल्या बिडीबिडी वसाहतीत. दक्षिण सुदानमधून जीव वाचवून आलेल्या लोकांसाठी ही वसाहत ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. इंटरव्ह्यूत मी फार काही भारी बोलले नाही, टँकरच्या खेपा आणि माणशी लिटर याचा हिशोब सांगितला, माझ्या मते सिलेक्शन त्याच्यावरच झालं.

घरी सांगणं हा सगळ्यात अवघड भाग. आई म्हणाली, "समाजसेवाच करायची तर लातूरात काय कमी हाय का? एवढं लांब कशाला जायलीस?" याला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं, आजही धड नाही. मला जायचं होतं, बस. दादा आधी चिडला, मग दोन दिवसांनी स्वतःच विचारलं की तुझ्या एलआयसीचे हप्ते कोण भरणार. तिथून खरी तयारी सुरू झाली.

तर पहिला सल्ला, बॅग सगळ्यात शेवटी भरा, आधी मागं राहणाऱ्या गोष्टी लावून घ्या. मी दादाच्या नावानं मुखत्यारपत्र केलं, फक्त बँक आणि फ्लॅटच्या भाड्यापुरतं, सरसकट नाही, वकिलांनी तसंच सुचवलं आणि ते बरं झालं कारण सख्खा भाऊ असला तरी दोघांनाही मोकळं वाटतं. एका वहीत सगळं लिहिलं, गॅस कुणाच्या नावावर, लाइटबिलाचा ग्राहक क्रमांक, आईच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या दुकानातून येतात. वही फ्रिजवर ठेवली. ॲप वगैरे काही नाही, वहीच.

आता जे राहून गेलं ते सांगते, ओटीपी. बँकेचं, इन्कम टॅक्सचं, आधारचं, सगळं माझ्या भारतातल्या एका मोबाइल नंबरवर, आणि मी निघायच्या घाईत इंटरनॅशनल रोमिंग चालूच केलं नाही. इथं पोचल्यावर सिम म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा, आणि रोमिंग चालू करायला पुन्हा ओटीपी त्याच नंबरवर! अकरा दिवस गेले त्यात. तुम्ही निघायच्या आधी रोमिंग चालू करून घ्या, छोटा रिचार्ज मारत राहा, कारण ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद पडू शकतो. आणि बँकेत जाऊन विचारा की बाहेर राहिल्यावर तुमचं खातं साधं सेव्हिंग चालेल की एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं रुपयातलं खातं) करावं लागेल, ते तुमच्या राहण्याच्या हेतूवर आणि मुदतीवर ठरतं, शेजारच्या काकांना विचारून ठरवू नका.

कागदपत्रं. पोलिस क्लिअरन्स, म्हणजे आपल्यावर गुन्हा नाही असा दाखला, पासपोर्टच्या पोर्टलवरून, फी ५०० रुपये, पत्ता बदललेला असेल तर चौकीचे हेलपाटे धरून चाला. डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे ती खरी असल्याचा शिक्का, आधी राज्याकडून मग परराष्ट्र खात्याकडून, ज्या देशात जाताय तो हेग करारात असेल तर अपोस्टिल (करारातले सगळे देश मानतात तो एकच शिक्का), नसेल तर साधं अटेस्टेशन आणि वर त्यांच्या एम्बसीचा शिक्का. एका एजंटानं माझी मूळ मार्कलिस्ट तीन आठवडे "उद्या देतो मॅडम" करत अडकवली, म्हणून कलर स्कॅन आधी काढा, मूळ नंतर द्या. आणि टुरिस्ट व्हिसावर येऊन काम करायचं कुणी सुचवलं तर त्या संस्थेपासून लांब राहा, कामाचं परमिट काढणं त्यांचं काम आहे.

लसींना मात्र लवकर लागा, तिथं कॅलेंडर तुमच्या हातात नसतं. हिपॅटायटिस बी चे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांवर, म्हणजे निघायला चार महिने असताना जाग आली तर तिसरा डोस आटपत नाही (माझा नाहीच आटपला, इथं घेणार). यलो फीव्हर गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली आणि एअरपोर्ट हेल्थच्या केंद्रात घेतली. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि पुढं आयुष्यभर चालतं. हातात पडल्या पडल्या पासपोर्ट नंबर तपासा! माझ्या कार्डावर ६ चा ० झाला होता, तिथंच दिसला म्हणून वाचले. एन्टेबेला, म्हणजे युगांडाच्या विमानतळावर, उतरल्यावर हे कार्ड बघतात, आणि परत भारतात येताना ते नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन.

मलेरियासाठी डॉक्टरांनी मला डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) ही गोळी दिली, रोज एक, भरल्या पोटी, आणि भरपूर पाणी. ऊन जास्त लागतं तिच्यानं, टोपी ठेवा. भाग सोडल्यावरही चार आठवडे घ्यायची असते हे बरेच जण विसरतात. तुमच्यासाठी कुठली ते डॉक्टरच ठरवतील. दातांचं काम उरकून या, चष्मे दोन आणा.

सामानात मी चूक केली ती शेंगदाण्याची. अडीच किलो शेंगदाण्याची चटणी आणली, आणि इथं बाजारात शेंगदाणा, तीळ ढिगानं, त्याची भाजीही करतात! मिळत नाही तो आपला काळा मसाला, तो दुप्पट आणा. हिंग, तूरडाळ राजधानी कंपालात मिळते, गुजराती दुकानं पुष्कळ. ज्वारीचं पीठही मिळतं, पण मी आणलं त्यात कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) मिसळलेला निघाला, भाकरी थापायला घेतली तर परातीला चिकटून बसली, शेवटी धिरडं केलं. प्लग इथं तीन चौकोनी पिनांचा लागतो. डॉलर आणाल तर नव्या, कोऱ्या, मोठ्या नोटा आणा, जुन्या आणि बारक्या नोटांना भाव कमी देतात. इथलं सिम कार्ड घ्यायला पासपोर्ट लागतो.

एन्टेबेहून कंपाला, मग पूर्ण दिवस गाडी. करुमा गावाजवळ नाईल नदी ओलांडली, रस्त्याकडेला बबून बसलेले, काच वर घ्या, हातातलं केळं जातं. पुढं लाल मातीचा रस्ता, कपडे कायमचे विटकरी. पांढरं काही आणू नका.

पहिल्या आठवड्यात एका हातपंपावर नेलं. पंपाला इथं यू-टू म्हणतात, म्हणजे आपलाच इंडिया मार्क टू. त्याची मुळं जालन्याच्या आणि सोलापूरच्या पंपात, दुष्काळी मराठवाड्याच्या आसपासच जुळवलेला जुगाड तो, १९७० च्या दशकात पक्का झाला, मग देशभर पसरला आणि तिथून इथपर्यंत आला. हँडल धरलं तर तीच ढिली खडखड, तोच साखळीचा आवाज. मेकॅनिक बाईंनी मला पाना दिला, मी झाकण उघडलं, आत ग्रीस वाळलेलं. तीन महिन्यांत मनापासून आनंद झाला असा तो एक क्षण, बाकी काम म्हणजे एक्सेल. माणशी रोज १५ लिटर, नळामागं २५० माणसं, हे किमान मापदंड, आणि ते कुठं कुठं बसत नाहीत याचे तक्ते.

घर इथून अडीच तास पुढं आहे. आई सकाळी सातला फोन करते, म्हणजे इथं साडेचार. चार वेळा समजावलं, दादानं भिंतीवर दुसरं घड्याळ लावून त्याच्यावर माझं नाव चिकटवलं, तरी साडेचारलाच वाजतो.