तक्त्यातलेच पैसे मिळणार, मग पंच कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. आयटीआयची पोरं आमच्या गाड्यांच्या वर्कशॉपला लागली की महिन्याभरात एकजण तरी येऊन विचारतोच, "सर, वॉरंटीच्या कामाला कंपनी तक्त्यातल्या वेळेचेच पैसे देते ना? मग मी काम दोन तासांत केलं काय नि चार तासांत केलं काय, जॉब कार्डावर सारखा चालू-बंदचा पंच, म्हणजे काम सुरू केल्याची नि संपवल्याची वेळ, कशाला मारायचा?"

प्रश्न रास्त आहे. मीही आधी बेवर, म्हणजे गाडी दुरुस्तीच्या जागेवर, पाने फिरवलेत, मग वॉरंटीच्या टेबलावर आलो. तेव्हा हाच प्रश्न मलाही पडला होता.

गाडी वॉरंटीत असली की ग्राहकाकडून पैसे घ्यायचे नाहीत, डीलरनं कंपनीकडे क्लेम लावायचा. पार्टचे पैसे वेगळे, लेबरचे वेगळे. कंपनीच्या तक्त्यात प्रत्येक कामाला कोड असतो, कोडापुढे तास, आणि त्या तासांना ठरलेला दर. म्हणजे ही मजुरी डीलर कंपनीला विकतो. १७ जुलै २०२३ च्या जीएसटी परिपत्रकातही हेच स्पष्ट केलंय: वॉरंटीतल्या दुरुस्तीचे पैसे डीलरनं कंपनीकडून घेतले, तर त्या सेवेवर कर लागतो.

तास दशांशात मोजतात. ०.१ म्हणजे ६ मिनिटं. नवी पोरं दीड तासाचं काम हातानं '१.३०' असं लिहितात. ते होतात एक तास अठरा मिनिटं. बारा मिनिटांची मेहनत एका टिंबापायी गेली. हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी कागदावर करून दाखवतो.

तक्त्यातली वेळ साधारणपणे चांगल्या स्थितीतली गाडी, हाताशी सगळी हत्यारं आणि सरावलेला माणूस धरून बसवलेली असते. आमच्याकडे गाडी येते रत्नागिरीहून, तीन पावसाळे खारी हवा खाल्लेली. सस्पेन्शनचा बोल्ट गंजून असा बसलेला असतो, की आधी तेल सोडून वाट बघा, मग गरम करा, तरी निघेल तर शपथ. तक्त्याला हा बोल्ट माहीतच नाही. त्याला तो कळायचा एकच मार्ग आहे: तुमचा पंच, गंजाचा फोटो आणि कार्डावरची एक ओळ.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पावसाळ्यात एक गाडी आली. डावीकडे वळताना मीटरचे सगळे दिवे क्षणभर विझायचे. आमच्या एका जुन्या टेक्निशियनकडे दिली. त्यानं फ्यूज बघितले, बॅटरीची अर्थिंग बघितली, टेस्ट ड्राइव्ह मारली, मग डॅशबोर्ड उतरवला. ब्रॅकेटच्या धारेवर घासून एका वायरचं कव्हर गेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं तांबं दिसत होतं, बस्स. शोधायला तीन तास चाळीस मिनिटं लागली, दुरुस्तीला वीस. संध्याकाळी त्यानं एकच पंच मारला, ०.४ चा. "तेवढंच मिळतं ना सर," म्हणाला. मीही तसाच क्लेम लावला.

महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये कामाच्या तासांच्या यादीत त्याचं नाव शेवटून दुसरं होतं. ज्या पोरानं महिनाभर ब्रेक पॅड बदलले, तो वरती. त्या दिवसाचे साडेतीन तास कागदावर रिकामे दिसत होते. वर्कशॉपमधला सगळ्यात अवघड फॉल्ट काढणारा माणूस बसून होता, असं आमचंच रेकॉर्ड सांगत होतं. मला फार लागलं ते.

तेव्हापासून आमच्याकडे शोधण्याचा पंच वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. काय तपासलं, किती व्होल्ट मिळाले, दोष कुठे सापडला, हे त्याच वेळी लिहायचं. वेळ जास्त लागणार असं दिसलं की पुढे जाण्याआधी मला सांगायचं, म्हणजे मी कंपनीची परवानगी मागतो. पूर्ण वेळ दर वेळी मंजूर होत नाही. कापाकापी होतेच. पण पंचच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर?

संध्याकाळी सहाला बसून सगळे पंच तक्त्याला जुळवून टाकायचे, हा प्रकार मी चालू देत नाही. ऑडिटवाल्याला ते लगेच दिसतं. एकच माणूस एकाच वेळी दोन गाड्यांवर, किंवा गाडीचा गेट पास चारचा आणि काम संपलं पाचला. मग जुने क्लेमही उघडतात आणि डेबिट नोट येते, म्हणजे दिलेले पैसे कंपनी परत कापून घेते. पण पैशांपेक्षा मोठं नुकसान निराळंच आहे. सगळ्यांनी तक्त्याएवढीच वेळ लिहिली, तर तक्ता बरोबरच आहे असं आपणच सही करून दिलं ना!

अमेरिकेत हे दुखणं जास्त बोचतं. तिथे बऱ्याच मेकॅनिकांचा पगारच तक्त्यातल्या तासांवर असतो. ०.३ च्या कामाला दोन तास गेले, तर बाकीचे तास त्याच्या खिशातून जातात. इलिनॉय राज्यात याविरुद्ध आवाज उठला, आणि २०२१ मध्ये तिथला कायदा बदलला. वॉरंटीच्या कामाला डीलर आणि कंपनीनं आधी मान्य केलेल्या तक्त्यातला वेळ धरा, तसा तक्ता नसेल तर कंपनीच्या तक्त्यातल्या वेळेच्या दीडपट द्या, असा तो बदल. आपल्याकडे पगार महिन्याचा असल्यामुळे घाव तेवढा थेट बसत नाही. बसतो तो इन्सेंटिव्हवर आणि माणसाच्या नावावर.

सध्या माझ्या टेबलावर एकाच कोडाची अकरा जॉब कार्डं लावून ठेवलीयत. तक्त्यात ०.८ आहे, आमच्या पाच वेगवेगळ्या टेक्निशियनांची सरासरी १.४ येतेय. प्रत्येक कार्डावर चालू-बंदचा पंच आहे, फोटो आहेत. त्यातली तीन कार्डं त्या जुन्या टेक्निशियनची आहेत. सोमवारी कंपनीचे एरिया मॅनेजर येणार आहेत, तेव्हा ही फाईल त्यांच्यापुढे ठेवणार आहे.