चोणकाच्या खाद्यातला लसूण

त्या सप्टेंबरमध्ये एका पहाटे गोव्यातल्या रायबंदरहून चोडण बेटावर जाणारी पहिली फेरीबोट मी पकडली, तेव्हा खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतल्या, तळ्यात चोणक हा मासा पाळणाऱ्या काकांचे फोनवरचे शब्द डोक्यातून जात नव्हते : "साहेब, मासळी वर येऊन तोंडे उघडते आहे. लसूण दुप्पट केला, तरी गुण नाही."

लसणाचा सल्ला माझाच होता. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या जिवाणूनाशक औषधांना मत्स्यपालनात बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. म्हणून व्हिब्रिओसारख्या जिवाणूंशी झुंजायला माशाची स्वतःची ताकद वाढवावी, असे मला मनापासून वाटते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लसूणमिश्रित खाद्यावर वाढलेले रोहू एरोमोनास या जिवाणूच्या संसर्गानंतर इतरांपेक्षा अधिक संख्येने जगले होते. तिथे मात्रा किलोभर खाद्याला 1 ते 10 ग्रॅम होती. त्याच आधारावर दीड महिन्यापूर्वी मी काकांना कागदावर लिहून दिले होते : 'किलोमागे 5 ग्रॅम लसूण, चिमूटभर हळद, तेलात मिसळून.'

तळ्याच्या बांधावर पोहोचलो तेव्हा पाणी गडद हिरवे होते आणि कोपऱ्यात चोणक पृष्ठभागाशी धापा टाकत होते. मीटरने विरघळलेला प्राणवायू लिटरला जेमतेम 1.8 मिलिग्रॅम दाखवला. तीन दिवसांच्या ढगाळ हवेत सूर्यप्रकाश कमी पडला होता, हिरवे शेवाळ रात्रभर प्राणवायू ओढत होते, त्यातच रात्री वीज गेल्याने पाण्यात हवा मिसळणारा एरेटर बंद पडला होता. मासे किती खातात ते पाहण्यासाठी पाण्यात सोडलेली चेक ट्रे उचलली, तर आदल्या संध्याकाळचे खाद्य जवळजवळ तसेच फुगून पडलेले, आणि पाण्यावर तेलाचा पातळ तवंग.

"लसूण कसा घालता?" मी विचारले. काकूंनी सरळपणे सांगितले, "तेलात खमंग परतून. तुम्हीच लिहिलेत ना, तेलात म्हणून."

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागले, कारण काकूंनी माझ्या शब्दांचा कोणत्याही स्वयंपाकघरात होईल तोच अर्थ लावला होता. लसणाचा गुण ज्या ॲलिसिनमध्ये आहे, ते पाकळीत तयार नसते. पाकळी ठेचल्यावर आतले विकर (एन्झाइम) मोकळे होऊन ते बनते, आणि कढत तेलात ते विकरच निकामी होते. म्हणून कच्चा लसूण ठेचून दहा-पंधरा मिनिटे तसाच ठेवायचा, मग गार तेलात कालवून खाद्याच्या गोळ्यांवर चढवायचा आणि खाद्य सावलीत सुकवायचे. हळदीला तेल हवे, कारण तिच्यातले गुणकारी कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. हे सगळे मला माहीत होते. कागदावर मात्र आले नव्हते.

तरीही त्या सकाळचा खरा शत्रू लसूण नव्हता. मासा खाईल तरच मसाला पोटात जातो, आणि गुदमरलेला मासा खात नाही. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजून उरलासुरला प्राणवायूही संपवत होते. मेलेल्या दोन माशांच्या कल्ल्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा परजीवी आढळले नाहीत. आतडी रिकामी होती. मी खाद्य पूर्ण बंद करायला सांगितले आणि शेजाऱ्यांकडून डिझेल पंप आणून तळ्यातलेच पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात पाडत ठेवले. बाहेर ओहोटी असल्याने मानशी, म्हणजे बांधातले फळ्यांचे दार, उघडून उपयोग नव्हता. दुपारी भरतीचे पाणी फळ्यांशी चढल्यावर ती उघडली, आणि तासाभरात मासे खोल पाण्यात गेले. सकाळपासून 41 मासे गेले होते. काकांनी ते एकेक करून मोजले, मी नुसता उभा होतो.

तिसऱ्या दिवशी काकूंनी माझ्यासमोर पाट्यावर लसूण ठेचला आणि घड्याळ पाहून ठेवून दिला. चेक ट्रेवर अर्धी मूठ खाद्य सोडले. काही वेळाने ट्रे वर काढली, तेव्हा तीत चार गोळ्या उरल्या होत्या. मी खिशातून जुन्याच कागदाची प्रत काढून 'तेलात' या शब्दापुढे 'न तापवता' असे लिहिले आणि ती काकूंच्या हाती दिली.