दारव्ह्याकडच्या शेतात गुरू ग्रहाचा रेडिओ ऐकायला गेलो होतो, जाणाऱ्यांसाठी माहिती

१० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, आणि या वेळी तो मिथुनेत, म्हणजे विदर्भातून मध्यरात्री जवळपास डोक्यावरच, म्हणून त्या दिवसांत यवतमाळहून दारव्ह्याकडच्या एका गावी मामाच्या शेतात तार बांधायला गेलो. टेलिस्कोप नेलाच नाही. चार चंद्र घरच्या गच्चीवरूनही दिसतात, मला गुरूचं चुंबकावरण, म्हणजे त्याच्या चुंबकाचा जोर चालतो तो भोवतालचा सगळा भाग, पाहिजे होतं आणि ते डोळ्याला दिसत नाही, दिसत असतं तर आपल्या आकाशात पौर्णिमेच्या चंद्राहून मोठं दिसलं असतं.

त्याचं चित्र मात्र निघालेलं आहे, आणि ते कसं निघालं हे कळल्यापासूनच मला हा नाद लागला. कॅसिनी यान शनीकडे चाललं होतं, वेग वाढवायला गुरूजवळून जायचं होतं, ३० डिसेंबर २००० ला ते साधारण ९७ लाख किलोमीटरवरून पुढे गेलं. त्याच्यावर इन्का नावाचा कॅमेरा होता, तो प्रकाश नाही, अणू पकडायचा. चुंबकावरणात अडकलेला वेगवान आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, चुंबकीय रेषांभोवती गरगरत राहतो, त्याला सुटका नाही, पण वाटेत एखादा थंड साधा अणू भेटला की त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मग विद्युतभार संपला, चुंबकाची पकडही संपली, आणि त्या क्षणी ज्या दिशेने चालला असेल त्या दिशेने सरळ सुटतो. असे सुटलेले अणू कुठून कुठून येतात ते मोजत गेलं की चित्र बनतं. त्यात गुरूभोवती वायूचा प्रचंड ढग दिसला, आणि त्याचं मूळ गुरूचा चंद्र आयो, जो आपल्या ज्वालामुखींतून सेकंदाला साधारण एक टन माल अवकाशात सोडतो. तेव्हाच गॅलिलिओ यान गुरूभोवती फिरत होतं, म्हणजे एक आतून मोजतंय आणि एक बाहेरून जाता जाता बघतंय. असा योग कोणी ठरवून जुळवायचा म्हटलं तरी अवघड आहे.

जमिनीवरून ते अणू मिळत नाहीत, पण त्याच चुंबकावरणातल्या रेडिओ लहरी मिळतात. १९५५ मध्ये बर्क आणि फ्रँकलिन या अमेरिकी शास्त्रज्ञांना २२.२ मेगाहर्ट्झवर त्या पहिल्यांदा सापडल्या. आयो चुंबकीय रेषांतून जाताना इलेक्ट्रॉन गुरूच्या ध्रुवांकडे धावतात आणि तिथून हा आवाज निघतो, ४० मेगाहर्ट्झच्या वर जात नाही कारण तिथलं चुंबकीय क्षेत्रच तेवढं आहे. आपल्यापर्यंत यायला तेव्हा ३५ मिनिटं लागत होती.

सामान साधं आहे. २०.१ मेगाहर्ट्झसाठी तांब्याच्या तारेचा डायपोल, म्हणजे दोन सारख्या तुकड्यांचा सरळ अँटेना, एकूण ७ मीटरच्या थोडा वर, मधोमध कापून डिश टीव्हीची केबल जोडायची, दोन बांबूंवर बारा-पंधरा फुटांवर ताणायची, तार पूर्व-पश्चिम. रिसिव्हर म्हणून शॉर्टवेव्ह पकडणारा एसडीआर डोंगल (लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ) चालतो, पण घेण्याआधी तो ३० मेगाहर्ट्झच्या खाली चालतो का ते विचारा, सगळे चालत नाहीत.

खरी डोकेदुखी खरखरीची. आमच्याकडे रानडुकरांसाठी प्रत्येक धुऱ्यावर झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारी, त्याचा टक्... टक्... साधारण दर सेकंदाला, एकदम नेमका, रिसिव्हरमध्ये असा घुसतो की बाकी काही ऐकू येत नाही. मामाने आपली मशीन बंद केली आणि शेजारच्या काकांना फोन लावून त्यांचीही थोड्या वेळासाठी बंद करवली, आणि त्या बदल्यात आम्ही दोघं बॅटरी घेऊन हरभऱ्याच्या कडेने फेऱ्या मारत होतो. रात्रीची थ्री फेज लाईन आली की मोटारी सुरू, मग पुन्हा खरखर. म्हणून कोणत्या आठवड्यात रात्रीची लाईन आहे आणि कोणत्या आठवड्यात दिवसाची, हे आधी विचारून घ्या, दिवसाची असेल त्याच आठवड्यात जा. लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, चार्जरही आवाज करतो, आणि मोबाईलचा चार्जर तर काढूनच टाका.

मामाने विचारलं, "काहून रे, त्या तारीत का गावते तुले?" हेडफोन त्यांच्या कानाला लावला तेव्हा दोन वाजून गेले होते. सू करत आवाज चढायचा, ओसरायचा, पुन्हा चढायचा, मग थोडा वेळ पत्र्यावर हरभरे टाकल्यासारखा तडतडाट. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हे तिकून येऊन राह्यलं?" आणि वर बोट केलं. विजेचा कडकडाटही असाच येतो, म्हणून वेळ जुळते का ते तपासणं बरं. आयो आणि गुरूचा फिरण्याचा हिशोब जुळला तरच आवाज येतो, त्याचे तक्ते ऑनलाईन मिळतात, त्यात आयो-बी लिहिलेल्या वेळा निवडा. वेळ जुळूनही काही रात्री कोऱ्या जातात.

संध्याकाळी ऐकायला बसू नका, आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, मध्यरात्रीनंतर पातळ होतं तेव्हा बरं. दव इतकं पडतं की केबलच्या जोडाला टेप आणि वर प्लास्टिक पाहिजेच. स्वेटरसोबत कानटोपी आणि गमबूट आणा, ओल्या पिकात चालावं लागतं. ज्याचं शेत आहे त्याला दिवसा विचारा, बांबू तोच देतो, आणि जाताना झटका मशीन पुन्हा चालू केली ना ते बघूनच निघा. पुढची प्रतियुती फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, गुरू तेव्हा सिंहेत असेल, तोही बराच वर. आणि युरोपचं ज्यूस यान २०३१ मध्ये गुरूपाशी पोचेल, त्याच्यावरही असाच अणू पकडणारा कॅमेरा आहे, आणि ते तिथेच राहणार आहे.