तुम्ही विचारलंत म्हणून : लहान कुत्रं घरातच का मुततं?

"बाहीर नेलं तं नुसतं पाह्यत रायते, अन् घरात आलं का मुतते. का करावं?" पामेरियन किंवा तसलंच चार-पाच किलोचं कुत्रं पाळणाऱ्यांचा हा ठरलेला प्रश्न. मागोमाग तक्रार येते, की गावठी कुत्रं असं करत नाही. करत नाही, कारण ते घरात झोपतच नाही.

गावच्या घरात गोची होते ती उघड्या दारामुळे. पिल्लू मनाला येईल तेव्हा अंगणात जाऊन येतं. कुणी पाहत नाही, शाबासकी देत नाही. रात्री कडी लागली की उलगडा होतो, दाराशी येऊन सांगायचं असतं हे त्याला कधी शिकवलंच नाही. त्यात सारवलेली ओसरी! सातव्या ते नवव्या आठवड्याच्या सुमारास ज्या जमिनीवर मुतायची सवय लागते, तसलीच जमीन पिल्लू पुढे शोधतं. मातीत वाढलेल्या पिल्लाच्या पायाला ओसरी आणि अंगण एकच.

तेव्हा पहिले दोन-तीन आठवडे दार उघडं असलं तरी पिल्लू सुटं ठेवू नका. बाज आडवी उभी करून एक कोपरा अडवा. त्याला उठता, वळता, पसरता येईल एवढीच जागा हवी. मोठी ठेवली तर एका टोकाला झोपेल, दुसऱ्या टोकाला मुतेल. झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत पाच-सहा फुटी दोरी लावून सांदवाडीतल्या (घरामागच्या मोकळ्या जागेतल्या) एकाच जागी न्या. तिथे गप्प उभं राहायचं, खेळायचं नाही. मुतणं संपताक्षणी शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. घरात आल्यावर दिलेल्या तुकड्याचा उपयोग नाही, तो घरात आल्याबद्दल मिळाला असं ते समजतं. पाच मिनिटांत झालं नाही तर आत आणून कोपऱ्यात ठेवा, पंधरा मिनिटांनी पुन्हा न्या. तुम्ही विचारता तो घोटाळा नेमका इथे होतो, झालं नसताना आत आणून सुटं सोडलं जातं.

किती वेळ धरेल? वयाच्या महिन्यांत एक मिळवा, तेवढे तास; तीन महिन्यांचं असेल तर चार. लहान जातीला त्यातून एक वजा करा, मूत्राशयच लहान असतं. रात्री गाढ झोपेत थोडं जास्त टिकतं, तरी दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्रीतून एकदा-दोनदा काढावंच लागतं. (टॉर्च घेऊन जा, पावसाळ्यात सांदवाडीत साप असतो.) रात्रीचं खाणं सातपर्यंत आटपा, पण पाणी तोडू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा तर मुळीच नाही.

नाक जमिनीवर घासलं, चापट मारली की पिल्लू एवढंच शिकतं, की माणसादेखत मुतायचं नाही. मग ते बाहेरही तुमच्यासमोर मुतत नाही आणि धान्याच्या कोठीमागे जाऊन मुततं. कुणी आल्यावर पोट दाखवून थेंब-दोन थेंब सोडतं, ते भीतीचं किंवा आनंदाचं. रागावलात की वाढतं. वाकून डोक्यावर हात नेऊ नका, बाजूला बसून बोलावा. निळीच्या पाण्याच्या बाटल्या दारात टांगल्याने मात्र काही होत नाही, शोभाच तेवढी.

एकदा मुतलेल्या जागी वास राहिला की ते तिथेच परत येतं. फिनाइलने आपल्या नाकाला वास जातो, त्याच्या नाही. साध्या टाइल्सवर निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी. शहाबादी किंवा कोटा फरशीवर व्हिनेगर नको, तो चुनखडीचा दगड आहे, डाग पडतात. तिथे एन्झाइमवाल्या कपड्यांच्या पावडरीचं कोमट पाणी बरं. मातीच्या जमिनीवर नुसतं वरून सारवून भागत नाही. ओली माती दोन-तीन इंच खरवडून काढा, पांढरी माती भरून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा, मग सारवा.

शिकलेलं कुत्रं अचानक घरात मुतायला लागलं तर तो हट्ट नसतो, बहुधा आजार असतो. थोडं थोडं, वारंवार, रक्ताचा अंश म्हणजे संसर्ग किंवा खडा. नसबंदी केलेल्या मादीचं अंथरूण झोपेत ओलं होत असेल तर बहुधा मूत्राशयाच्या तोंडाची झडप सैल पडलेली असते, त्याला औषध आहे. पाणी मोजा: चार किलोचं कुत्रं दिवसाला 400 मिलीपेक्षा जास्त पीत असेल तर मधुमेह किंवा किडनीची तपासणी करा. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, सुस्त झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. गोचिडं झालेल्या कुत्र्याची लघवी काळ्या चहासारखी दिसली, किंवा नर जोर लावतोय आणि थेंब येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका.

दवाखान्यात नेताना सकाळची पहिली लघवी न्या. मधली धार स्वच्छ पळीत धरा, उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा आणि तासाभरात पोचवा. तालुक्याचं गाव लांब असेल तर बाटली बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठू देऊ नका.