दीड महिना

नागपुरात धरमपेठेत माझा वक्तृत्वाचा वर्ग आहे. डॉक्टर, वकील, दुकानदार येतात आणि बहुतेकांचं मागणं एकच असतं, लोकांनी मला नावानं ओळखावं. हल्ली त्याला पर्सनल ब्रँड म्हणतात. गेल्या हिवाळ्यात काटोलकडचे एक भाऊ आले. संत्र्याच्या कलमांची नर्सरी त्यांची. ‘मॅडम, माल चांगला आहे, पण बोलता येत नाही मले,’ म्हणाले. महिन्याभरानं सिव्हिल लाइन्समध्ये शेतकऱ्यांचा मेळावा होता आणि तिथे त्यांना दहा मिनिटं मिळाली होती.

त्यांच्या धंद्यात नावाला किती वजन असतं ते मला तेव्हा कळलं. नागपूर संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते नाव सगळ्यांचं. नर्सरीची कुठलीही पाटी बघा, ‘नागपुरी संत्रा’ असतंच. कलम घेताना शेतकऱ्याच्या हातात येते एक काडी आणि थोडी पानं. खाली जंभेरी लिंबाचा खुंट असतो, त्यावर संत्र्याच्या झाडाचा डोळा, म्हणजे अंकुर, भरतात. तो डोळा कुठल्या झाडाचा, हे फळ धरल्याशिवाय समजत नाही आणि त्याला चार-पाच वर्षं जातात. तोवर त्यानं घेतलेला असतो तो विकणाऱ्याचा शब्द.

शिकवताना मी कीर्तनाचा आधार घेते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. दहा मिनिटांच्या भाषणात मी निरूपण अगदी थोडं ठेवते, आख्यानाला जागा देते. गाडगेबाबा श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्या उत्तरांतून कीर्तन पुढे नेत. विदर्भातल्या माणसाला गोष्ट सांगायला शिकवताना बाहेरून काही आणावं लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आख्यान मिळायला मात्र वेळ लागला. चौथ्या दिवशी भाऊ बोलले. एका वर्षी मागणी फार होती, घाईघाईत डोळे खूप खाली भरले गेले. वरुडकडच्या एका शेतकऱ्यानं दोन एकरांसाठी २२० कलमं नेली. लावताना जोड मातीत गेला आणि तिसऱ्या वर्षी बुंध्यांतून डिंक ओघळायला लागला. डिंक्या रोग. शेतकऱ्याचा फोन आला. भाऊ गेले, बाग पाहिली, २२० नवी कलमं दिली.

मी ते रेखीव करून लिहून दिलं. त्यात एक वाक्य माझं होतं, ‘फोन आला आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे मी निघालो.’ किती दिवसांनी गेलात, हे मी विचारलंच नव्हतं. गोष्टीला वेग हवा होता. तालमीत भाऊ दर वेळी त्याच वाक्याशी अडखळत. पाठांतर कच्चं आहे, असं मी धरून चालले.

मेळाव्याला सभागृह भरलेलं होतं. भाऊंनी सोबत पिशवीतलं एक कलम आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं, मातीला अंगठा टेकवला आणि करंगळी ताणून डोळ्याच्या जोडापर्यंत नेली. नखांत माती तशीच होती. ‘वीतभर. एवढा वर पाहिजे. याच्या खाली डोळा असन तर घेऊ नका. माझ्याकडचं बी घेऊ नका.’ पुढच्या रांगांत लोक आपापल्या हाताची वीत ताणून बघायला लागले.

मग आख्यान. फोनपर्यंत नीट आले. ‘अन् दुसऱ्याच दिवशी...’ म्हणाले आणि थांबले. मी समोरच बसले होते, पुढचे शब्द ओठांनी दाखवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते तिसऱ्या रांगेकडे बघत होते.

‘दुसऱ्या दिवशी नाही गेलो जी. दीड महिना लागला मले. गाडी काढायचो, जलालखेड्यापर्यंत जायचो अन् परत यायचो. काय तोंड दाखवू? कलमं तर देता येतात. त्याची तीन वर्षं कुठून देऊ?’

कुणी खोकलंसुद्धा नाही. तिसऱ्या रांगेतून, बसल्या जागेवरून, पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘एक्केचाळीस दिवस. मी मोजत होतो.’

भाऊंनी हात जोडले. त्यांना पुढचं काही आठवलं नाही, आठवायची गरजही राहिली नाही. लोक उठून टेबलाभोवती जमले. ते गृहस्थही आले, कलमाला वीत लावून पाहिली आणि भाऊंच्या शेजारी उभे राहिले.

मी कागदाची घडी करत मागेच थांबले. माझं वाक्य भाऊंच्या तोंडून निघालं असतं, तर ज्या माणसाला त्यांनी २२० कलमं देऊन राखलं, त्याच्याच समोर ते खोटे पडले असते. तेही माझ्यामुळे.

संध्याकाळी वर्गावर येऊन मी सगळ्यांच्या वह्या काढल्या. एका दंतवैद्य बाईंच्या भाषणाची सुरुवात मुसळधार पावसाच्या रात्रीनं होती. मी त्यांना फोन लावला.

‘ताई, त्या रात्री पाऊस खरंच होता का?’