२५ टन द्राक्षं, जी आलीच नव्हती

फेब्रुवारीतला बुधवार. सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी दिंडोरीच्या पॅकहाउसमधून नानांचा फोन आला. "ताई, काल ७१ टन माल आला म्हणतोय तुमचा डॅशबोर्ड. एवढी द्राक्षं आली असती तर क्रेट ठेवायला जागा उरली नसती."

नाना तिथले मॅनेजर. त्यांच्या निर्यातदार कंपनीचं आवक, प्रतवारी आणि रवानगीचं रिपोर्टिंग आमची टीम सातपूरहून सांभाळते. न्हावाशेवा बंदराला जाणारे रिफर (शीत) कंटेनर नाना वाणनिहाय तक्ता बघून ११ वाजेपर्यंत बुक करतात. पंचवीस टनांची चूक म्हणजे जवळपास दोन कंटेनर उगाच बुक होणार.

आधी तो तक्ता बंद केला आणि त्या जागी 'तपासणी सुरू आहे, तूर्त काटा-पावत्यांवरचं वजन धरावं' एवढी ओळ टाकली. दुरुस्ती त्यानंतर. चुकीचा आकडा पडद्यावर राहिला की कोणीतरी त्यावर निर्णय घेऊन मोकळा होतो.

मग काम वाटून घेतलं. एकाने नानांकडून सगळ्या काटा-पावत्यांचे फोटो मागवून कॅल्क्युलेटरवर बेरीज केली: २४ पावत्या, ४६,३२० किलो. डॅशबोर्डवर सगळ्यात वर असलेलं एकूण आवकेचं कार्डही ४६,३२० दाखवत होतं. म्हणजे एकाच पानावर दोन बेरजा होत्या आणि त्यातली एक बरोबर होती. हे कळल्यावरच नानांना सांगितलं, "वरचा आकडा धरा, बिनधास्त."

खालच्या वाणनिहाय तक्त्यात थॉमसन ६०,१४० आणि शरद ११,४०० किलो. कागदावर थॉमसन ३४,९२० आणि शरद ११,४००. शरद किलोपर्यंत जुळत होतं, आणि माझ्या मते दिवसातला सर्वात बोलका पुरावा हाच होता. कालचा सगळा डेटा दोनदा चढला असता तर दोन्ही वाणं सारखीच फुगली असती. एकच वाण फुगलंय, तर काही ठरावीक ओळी दुसऱ्यांदा मोजल्या गेल्यात.

तक्त्यामागच्या व्ह्यूमध्ये (टेबल जोडून तयार होणाऱ्या यादीत) एकूण ओळी मोजल्या: ३७. वेगवेगळे पावती क्रमांक मोजले: २४. एकाहून जास्त ओळी असलेल्या पावत्या काढल्या: १३, सगळ्या थॉमसनच्या. त्या १३ पावत्यांचं वजन भरलं २५,२२० किलो, म्हणजे नेमका फरक. त्यातली एक पावती उघडून पाहिली. वजन १,९४० किलो, तपासणी दुपारी २:०५, ब्रिक्स (गोडीचं माप) १६.८. खालच्या ओळीत तीच पावती, तेच १,९४० किलो, तपासणी २:५०, ब्रिक्स १७.४.

व्ह्यू लिहिला तेव्हा एका पावतीला एकच तपासणी व्हायची. त्यामुळे पावत्यांचा टेबल तपासणीच्या टेबलला पावती क्रमांकावर जोडला होता आणि तो जॉइन कित्येक महिने बिनबोभाट चालला. त्या आठवड्यात गुणवत्ता विभागाने फेरतपासणी सुरू केली. तपासणीच्या दोन ओळी झाल्या की जॉइनमध्ये पावतीही दोनदा येते आणि वजन तिच्यासोबत दुप्पट होतं. वरचं कार्ड थेट पावत्यांवर बांधलेलं होतं, म्हणून वाचलं.

टीममधला एक जण म्हणाला, "मॅडम, सम डिस्टिंक्ट लावू, पाच मिनिटांचं काम आहे." हा उपाय फार ठिकाणी दिसतो आणि तो घातक आहे. ते फंक्शन पावत्या ओळखत नाही, फक्त सारखे आकडे एकदा धरतं. त्या दिवशी १,९४० किलोच्या तीन खऱ्या, वेगवेगळ्या पावत्या होत्या. त्यातल्या दोन, म्हणजे ३,८८० किलो, गुपचूप गळाले असते. पूर्ण सारख्या ओळी एकदाच धरणारा साधा सिलेक्ट डिस्टिंक्टही उपयोगाचा नव्हता, कारण ब्रिक्स वेगळा असल्याने दोन्ही ओळी तशाच राहतात.

खरा प्रश्न वेगळाच होता: दोन ब्रिक्सपैकी कोणता धरायचा? डेटावाल्याच्या मनात पटकन सरासरी येते. पण हे ठरवणं आमचं काम नाही. गुणवत्ता विभागाच्या सुपरवायझरना फोन केला. त्यांनी समजावलं, द्राक्ष खुडल्यावर गोडी वाढत नाही, त्यामुळे फेरतपासणीत काही पिकण्याची वाट बघायची नसते. पहिला नमुना मर्यादेच्या काठावर आला की दुसऱ्या क्रेटमधून नमुना घेतात आणि तोच निकाल अंतिम. सरासरी घेतली असती तर त्यांच्याकडे अस्तित्वातच नसलेली प्रत आमच्या तक्त्यात उमटली असती.

म्हणून प्रत्येक पावतीच्या तपासण्यांना वेळेनुसार उतरत्या क्रमाने नंबर दिले, फक्त पहिल्या नंबरची, म्हणजे शेवटच्या तपासणीची ओळ ठेवली आणि त्यानंतर जॉइन केला. डॅशबोर्ड ज्यात बांधलाय त्या पॉवर बीआयमध्ये पावत्या आणि तपासण्या वेगळे टेबल ठेवून एकास-अनेक नातं (एका पावतीला अनेक तपासण्या) लावलं. अंतिम प्रत मात्र पावत्यांच्या टेबलमध्येच एक कॉलम म्हणून आणली. नाहीतर प्रतीवरून वजन गाळायला फिल्टर दोन्ही दिशांना उघडावा लागतो आणि त्यातून नवे घोळ निघतात. पहिल्या नमुन्याची ओळ पुसली नाही. कोणाचा माल काठावर येतो, ही माहिती बागायतदाराशी बोलताना सोन्यासारखी असते.

हे करताना आणखी एक गोष्ट सापडली. रवानगीच्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठत होत्या. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून रात्री १२ ते पहाटे ५:३० मध्ये निघालेले कंटेनर आदल्या तारखेत मोजले जात होते. तारीख काढण्याआधी वेळ बदलून घेतली, दहा मिनिटांत मिटलं.

संध्याकाळी रोज डेटा चढवण्याच्या कामाला (लोडला) दोन अटी जोडल्या. व्ह्यूमधल्या ओळी पावत्यांइतक्याच हव्यात आणि वजनाची बेरीज पावत्यांशी किलोला किलो जुळायला हवी. एकही अट मोडली तर नवा डेटा चढत नाही, कालचाच तक्ता कालच्या तारखेसह राहतो आणि आम्हाला मेसेज येतो. जॉइन लिहिला त्याच दिवशी या अटी लिहायला हव्या होत्या. ती चूक आमची, आणि नानांना तसंच सांगितलं.

गुरुवारी ८ वाजता तक्ता परत सुरू झाला. नानांनी पावत्या शेजारी ठेवून सगळा जुळवला, मग म्हणाले, "ती फेरतपासणीची यादी गावनिहाय देता येईल का? मोहाडीच्या दोन बागांना आज खुडा थांबवायला सांगतो."